दंड दाखवा, पावणं

आमच्या बालवाडीच्या दारावर खडूनं एक ओळ लिहिलेली असायची : 'दंड दाखवल्याशिवाय प्रवेश नाही.' ओळ बाईंची, अक्षर माझं. लिहिता लिहिताच मी म्हटलं होतं, "बाई, लोकांचा घोटाळा हुईल." त्यावर बाई म्हणाल्या, "हू दे की. घोटाळा झाला तर इचारतील. सरळ लिवलं तर वाचून घरला जातील."

आणि झालंही तसंच. जून उजाडला आणि पहिल्याच दिवशी एक गृहस्थ खिशात हात घालून दारात उभे राहिले. "किती दंड हाय? आनी कशाबद्दल? पोरगं अजून शाळंत आलंबी न्हाय." त्यांच्यामागं एक तरणा बाप होता, शेजारच्या तालमीत जाणारा. त्यानं ओळ वाचली, चपला काढल्या आणि ओसरीवर पालथा होऊन सपासप दंड मारायलाच लागला. बाईंनी त्याला अडवलं नाही. कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत बघत राहिल्या आणि तो धापा टाकत उठल्यावर म्हणाल्या, "बरं हाईत. आता पोराचा दाखव."

बाईंना हवा असायचा तो मुलाचा डावा दंड. जन्मल्यावर क्षयाची लस टोचतात, तिचा वण तिथं, खांद्याच्या जरा खाली, उमटलेला असतो. बाई तो अंगठ्यानं चाचपायच्या. मग पोराच्या आईकडं वळून अगदी सहज विचारायच्या, "त्रिगुणी कुठल्या मांडीला?" घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींची ती लस. खरी मेख इथं होती. ज्या आईनं ते पोर मांडीवर धरलेलं असतं, गाठ आली म्हणून रात्री शेकलेलं असतं, तिचा हात आपोआप पोराच्या त्या मांडीकडं जातो. जिनं टोचून घेतलेलं नसतं ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघते. बाई हाताकडं बघायच्या. कार्ड आणलं असलं तर चष्मा लावून तेही वाचायच्या, पण आधी हात. वण उमटलाच नाही अशीही पोरं असायची, ती या हातावरच आत जायची.

सरकारची अशी अट नव्हती. पंचक्रोशीतल्या कुठल्या बालवाडीची नव्हती. बाईंची अट बाईंनीच काढली होती आणि तिच्यापुढं त्या सरपंचाचंही ऐकत नसत.

मी मलकापूरची. एकोणीसशे नव्वदच्या आगंमागं लग्न होऊन उचगावात आले. बारावी झाले होते, हात रिकामे होते, म्हणून सासूबाईंनी मला बालवाडीत मदतीला धाडलं. पहिल्या दिवशी बाईंनी माझं नाव विचारलंच नाही. "म्हायेर कुठलं?" एवढंच विचारलं, आणि तेव्हापासून मी त्यांची 'मलकापूर' झाले. गावातल्या सगळ्या सुनांना त्या माहेरच्या गावानं हाक मारायच्या. "ए मलकापूर, पन्हाळ्याला सांग, गडहिंग्लज वाट बघालीया," असं त्या ओसरीवरून ओरडल्या की नवख्या माणसाला आपण एसटी स्टँडवर उभे आहोत असं वाटायचं. माझं नाव लग्नात बदललेलं, आडनाव बदललेलं. माहेर तेवढं राहिलं होतं बाईंच्या तोंडात. त्या हाकेवर माझा फार जीव होता.

बाईंचं सगळंच उलटं. साडेतीन वर्षांच्या पोराला 'अहो' आणि त्याच्या बापाला 'अरं'. "या पावणं. दंड दाखवा की. झ्याक. बसा." आणि लगेच बापाला, "तू का हुबारलाईस? जा कामाला." दुपारी पोरांना झोपवायच्या वेळेला बाई स्वतःच आधी झोपायच्या, चांगल्या घोरायच्या, आणि त्यांना जाग येऊ नये म्हणून पोरं तोंडावर बोट ठेवून पडून राहायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना एका चिमुरडीनं दारातच थांबवलं आणि "हळू की वो, बाई निजल्यात" असं दटावलं. साहेब ओसरीवर बसून राहिले.

बाई मोपेड चालवायच्या. पदर कमरेला खोचून, कपाळावर चष्मा ढकलून. लस द्यायच्या दिवशी ज्या पोराचं काही राहिलं असेल त्याला पुढं उभं करायचं, त्याच्या आईला मागं बसवायचं आणि उपकेंद्र गाठायचं. गल्लीत त्या मोपेडचा आवाज आला की घराघरांतली पोरं पलंगाखाली जायची. बाई दारात उभ्या राहून पलंगाशी बोलायच्या, "पावणं, गूळ आनलाय." गुळाचा खडा खरंच असायचा, पण सुईनंतर. फसवलं असं कुणाला कधी वाटलं नाही.

आणि सतरंजी. बालवाडीत बाक नव्हते, खुर्च्या नव्हत्या, भिंतीवर तक्ते नव्हते. "पोरं भितीकडं बघत न्हाईत, एकमेकांकडं बघत्यात," हे बाईंचं मत. होती ती फक्त एक लांबरुंद सतरंजी, लाल, निळ्या, हिरव्या पट्ट्यांची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. प्रत्येक पोराला एक पट्टा. त्याला बाई 'रेघ' म्हणायच्या. त्यामुळं आमच्या भागात पोराचं नाव घातलं असं कुणी म्हणायचंच नाही. "आमच्या धाकट्याला रेघ गावली," असं म्हणायचे, आणि पेढे वाटायचे.

या सतरंजीची एक जुनी गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. बाई बौद्ध समाजातल्या. बालवाडी नवी होती तेव्हा एका म्हातारीनं नातवाबरोबर वेगळं बसकर धाडून दिलं, पोरानं इतरांना लागून बसू नये म्हणून. बाईंनी ते बसकर झटकलं, निरखलं, "लई चांगलं हाय" म्हणाल्या, आणि पाय पुसायला दारात घातलं. नातवाला निळी रेघ दिली. म्हातारी दोन दिवस फुरंगटली आणि तिसऱ्या दिवशी नातवाला सोडायला आली तेव्हा त्याच बसकरावर पाय पुसून आत आली. मी आले तेव्हाही ते दारातच होतं.

एवढी कडक बाई, तर हिच्यामागं काहीतरी दुःख असणार, असं गावानं ठरवून टाकलं होतं. एखादं मूल गेलं असेल, बहीण गेली असेल. मला राहवलं नाही, मी एकदा विचारलं. बाई खळखळून हसल्या. "दोन्ही ल्योक धडधाकट हाईत. एक पुन्यात हाय, एक हितं माजं डोस्कं खातोय."

"मग एवढा हट्ट कशापायी?"

"सतरंजी एकच हाय की गं," बाई म्हणाल्या आणि पोरांची नाकं पुसायला उठल्या. मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही.

पुढं, दोन हजार साल उलटल्यावर, कोल्हापुरातून इंग्रजी शाळांच्या गाड्या उचगावात यायला लागल्या. त्यांच्या प्रवेशाच्या फॉर्मावर लसीकरणाचा रकाना छापलेला असायचा. मी एक फॉर्म मुद्दाम बाईंना नेऊन दाखवला. आमच्या खडूच्या ओळीला छापखान्यानं मान दिला, म्हणून माझी छाती फुगली होती. बाईंनी तो उलटासुलटा केला आणि परत दिला. "ह्यो भरतंय कोन? बापच न्हवं? मग मांडीकडं कोन बघतंय?" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. मी मात्र तो फॉर्म टाकला नाही, अजून आमच्या कपाटात आहे.

बाईंचं सगळं मोठेपण मी, त्या गाड्यांच्या कितीतरी आधी, एकाच पावसाळ्यात बघितलं. तेच सांगायचं आहे.

बालवाडीची खोली तालमीची होती, आणि तालीम म्हणजे वस्ताद. साठी उलटलेली, कान कुस्तीत मोडलेले, आवाज शेजारच्या गल्लीत पोचणारा. बाईंनी गावात 'अहो' म्हटलेलं मोठं माणूस हे एकटंच. वस्ताद खोलीचं भाडं घेत नसत. त्यांना मोबदला वेगळाच मिळायचा. मधल्या भिंतीला वर झरोका होता. सकाळी आमची पोरं बेंबीच्या देठापासून एक ते वीस म्हणायची आणि पलीकडं तालमीतली पोरं त्या तालावर दंड मारायची. विसाच्या पुढं आमचा गोंधळ व्हायचा, म्हणून त्यांचे दंडही विसाला थांबायचे आणि पुन्हा एकपासून सुरू व्हायचे.

त्या जूनमध्ये वस्ताद नातवाला खांद्यावर बसवून दारात आले. मागं त्यांची सून, म्हणजे आमची 'पन्हाळा'. मी त्या वेळी चार महिन्यांच्या लेकीला घेऊन कामावर यायचे. खोलीच्या तुळईला तिची झोळी टांगलेली असायची आणि पोरं पाळीपाळीनं झोका द्यायची.

"दंड दाखवा, पावणं," बाई नातवाला म्हणाल्या.

वस्तादांनी स्वतःच त्याची बाही वर सारली. "बगा. पैलवानाचा दंड हाय." वण होता, चांगला ठसठशीत. बाईंनी अंगठा फिरवला. "झ्याक." मग सुनेकडं वळल्या. "पन्हाळा, त्रिगुणी कुठल्या मांडीला?"

पन्हाळ्यानं सासऱ्याच्या तोंडाकडं बघितलं.

"दिली न्हाय," वस्ताद म्हणाले. "त्रिगुणी न्हाय, गोवराची न्हाय, कायबी न्हाय. ह्यो दंड टोचला आनी म्हयन्यानं पिकला. पू झाला. माज्या नातवाचा दंड नासवत हुते. तवाच सांगितलं, आता सुई बंद."

"ती पिकायचीच अस्ती, वस्ताद. पिकली म्हंजी लागू पडली."

"ते मला शिकवू नगा."

"मग मला रेघ द्याला यायची न्हाय."

वस्तादांनी नातवाला खाली उतरवलं. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "बाई, खोली कुनाची हाय?"

"खोली तुमची हाय," बाई म्हणाल्या. "सतरंजी माजी हाय." आणि पोरांकडं वळल्या. "उठा, पावणं."

सतरंजी गुंडाळली. एक टोक बाईंच्या खांद्यावर, एक माझ्या, आणि मधल्या भागाला पोरं लोंबकळलेली. लेक माझ्या दुसऱ्या कडेवर. भर गावातून आमची ती वरात निघाली तेव्हा लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. मला लाज वाटत होती आणि बाई मात्र ओळखीच्यांना "हाय का बरं?" असं विचारत चालल्या होत्या.

गावाबाहेर एक गुऱ्हाळ होतं. उसाचा हंगाम संपलेला, शेड मोकळं. मालकाची पोरगी बाईंच्या हाताखालून गेलेली, त्यानं नाही म्हटलं नाही. चुलाणाच्या शेजारी सतरंजी पसरली. जमीन जुन्या काकवीनं चिकट झालेली, मुंग्या उदंड, वाऱ्याबरोबर झड आत यायची. पोरं संध्याकाळी घरी जायची तेव्हा त्यांच्या चड्ड्यांना गुळाचा वास यायचा. आठवडाभरात निम्म्या रेघा रिकाम्या झाल्या. लोकांचंही बरोबर होतं. पोराला एवढ्या लांब चिखलातून कोण आणणार, आणि वस्तादांशी वाकडं कोण घेणार? सासूबाई मला म्हणाल्या, "हे असंच चाललं तर म्हयनाअखेरीला बालवाडी मोडती बघ."

मी बाईंशी भांडले. "एका पोरासाठी सगळी बालवाडी घालवायची? बसवा त्याला. कुणाला कळतंय?"

बाई माझ्या पायाकडं बघत होत्या. "मलकापूर, पाय काढ. ती पैलवानांची रेघ हाय."

मग मला दिसलं. मधली एक हिरवी रेघ त्यांनी पहिल्या दिवसापासून मोकळी ठेवली होती. तिच्यावर पाटी ठेवू देत नव्हत्या, खेळणं ठेवू देत नव्हत्या. वस्तादांच्या नातवाला त्यांनी नाकारलं नव्हतं, त्याची वाट बघत होत्या.

आणि एका सकाळी वस्तादच आले. एकटे, छत्री मिटत. "खोलीची किल्ली न्याला आलतो," म्हणाले. किल्ली माणूस धाडूनही मिळाली असती. बाईंनी ती कनवटीची काढून चुलाणाच्या कट्ट्यावर ठेवली. वस्तादांनी तिला हात लावला नाही, तिच्या शेजारी बसले.

बाई मोठ्या हुशार. पोरांना म्हणाल्या, "पावणं, एक ते वीस." पोरं ओरडायला लागली. वस्तादांची मान नकळत तालावर हलायला लागली. वीस झाल्यावर ते म्हणाले, "तिकडं पोरं दंड मारत्यात, पर मोजताना भांडत्यात. कुनी बाराला वीस म्हनतंय."

"मोजायला आमी यितो की. नातवाला टोचून आना."

"तुमी हट्टी हाईसा."

"व्हय," बाई म्हणाल्या. "वस्ताद, एक सांगा. नायटा झालेलं पोर तुमी हौद्यात उतरवता?"

हौदा म्हणजे तालमीतली कुस्तीची माती. वस्तादांना प्रश्नाचाच राग आला. "कसं उतरवीन? आदी अंग बगतो मी. कापडं काढून बगतो. मग त्यो कुनाचाबी असंना, आमदाराचा असंना. एकाचा नायटा आठ दिसांत समद्या तालमीला हुतोय. माती एकच अस्ती."

बोलून गेले आणि थांबले. सतरंजीला एक चुणी पडली होती, ती बाई पायानं सरळ करत राहिल्या.

मग त्यांनी माझ्या लेकीच्या झोळीकडं हात केला. "ही मलकापूरची पोर. गोवराची सुई नवव्या म्हयन्याला अस्ती. हिला अजून येळ हाय. तवर हिला कोन राखायचं? आय न्हाय राखू शकत, मी न्हाय राखू शकत. ही रेघंरेघंवरची पोरं राखत्यात. तुमचा नातू टोचून बसला तर त्योबी हिचा राखनदार. न टोचता बसला आनी एक दिस हितं खोकला, तर पयली हीच जायाची."

मला हुंदका आला, तो मी लपवलाही नाही. मी समजत होते बाई त्यांच्या नियमासाठी भांडतायत. त्या माझ्या लेकीसाठी चिखलात बसल्या होत्या, आणि मीच त्यांच्याशी भांडत होते. पण रडू आलं ते त्याचं नाही. एवढ्या जगात माझ्या पोरीच्या बाजूनं अशी बाई उभी आहे, याचा अभिमान वाटला, आणि तो डोळ्यांतून आला.

वस्ताद उठले. झोळीत वाकून बघितलं. लेक जागी होती, तिनं त्यांच्या मोडक्या कानाकडं हात नेला. मग ते निघून गेले. किल्ली कट्ट्यावरच राहिली.

लस द्यायच्या दिवशी उपकेंद्राच्या रांगेत वस्ताद नातवाला घेऊन उभे होते. मी बाईंच्या मोपेडवर मागं बसून तिथं पोचले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं आहे. सिस्टरनं सुई काढली. नातू टकामका तिच्याकडं बघत होता. वस्तादांनी भिंतीकडं तोंड करून डोळे घट्ट मिटले होते. सुई टोचल्यावर नातू रडला तो जरासाच. वस्तादांना मात्र सिस्टरनं बाकावर बसायला सांगितलं. बाईंनी गुळाचा खडा काढला, अर्धा नातवाला दिला आणि अर्धा आजोबांना.

दुसऱ्या दिवशी तालमीतली पोरं गुऱ्हाळावर आली आणि सतरंजी उचलून नेली. बाई पुढं चालत होत्या. पुढच्या डोसांना वस्ताद सांगावं न लागता जात राहिले. पैलवान हिरव्या रेघेवर बसले, त्यांच्या मागोमाग, गुऱ्हाळावर यायची थांबलेली पोरंही परत आली, आणि भिंतीपलीकडचे दंड पुन्हा विसाला थांबायला लागले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गोवर आला. दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले. वाड्या-वस्त्यांवरून रोज कुणाचं ना कुणाचं पोर तापल्याचं कानावर यायचं. माझ्या लेकीला नऊ महिने भरायला अजून थोडे दिवस होते. सासूबाई म्हणाल्या घरी ठेव. मी बाईंना विचारलं. त्यांनी सतरंजीवर एक नजर फिरवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि म्हणाल्या, "हितं आन. हितं पहारा हाय." मी आणली. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी मी आधी रेघा बघायचे. रोज सगळ्या भरलेल्या असायच्या. झोळीला झोका द्यायची पाळी पैलवानांची असली की ते इतक्या जोरात द्यायचे की मला उठावं लागायचं.

लेकीला नऊ महिने भरले आणि लगेचच्या लसीच्या दिवशी बाईंनी आम्हा दोघींना मोपेडवरून नेलं. परत आलो तेव्हा मी सवयीनं झोळीकडं निघाले. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"दंड दाखवा, पावणं," माझ्या लेकीला म्हणाल्या.

मी तिच्या झबल्याची बाही वर सारली. उजव्या दंडावर ताजा, लाल ठिपका होता. बाईंनी चष्मा खाली ओढून तो निरखला, सगळ्या पोरांसमोर, अगदी रीतसर. मग तिला माझ्याकडून घेतलं आणि सतरंजीपाशी गेल्या. लेक नुकतीच बसायला शिकलेली, एक हात टेकून बसायची. जागा कुठंच नव्हती, सगळ्या रेघा भरलेल्या.

"पैलवान," बाई म्हणाल्या, "जरा सरका की. ह्यांस्नी रेघ द्याची हाय."

आणि वस्तादांचे नातू हिरव्या रेघेवर एका बाजूला सरकले.